सकाळी साडेआठची नोंद

पावसाविषयी बोलायला आमच्या वाई तालुक्यात कुणाला आमंत्रण लागत नाही. पालकसभेला आलेले आजोबा सांगतात, "बाई, आमच्या वेळी आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही." शेजारी बसलेली सूनबाई म्हणते, पाऊस तेवढाच आहे हो, पण पडतो तेव्हा एकदम कोसळतो. मी भूगोल शिकवते, म्हणून दोघंही निवाड्यासाठी माझ्याकडे बघतात. मी त्यांच्यापुढे शाळेची पावसाची वही ठेवते. माणसाच्या आठवणीत पाऊस कमीजास्त होत राहतो. पेरणी बुडाली ते साल सगळंच कोरडं वाटतं, ओढ्यावरचा पूल गेला ते साल सगळंच ओलं. हवेचं आणि हवामानाचं शास्त्र मुलांना शिकवायचं तर सुरुवात मोजण्यापासूनच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ढगांचे प्रकार नंतर पाठ करता येतात.

आमचा पर्जन्यमापक मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात आहे. वर नरसाळं, आत बाटली, सोबत खुणा केलेलं मोजपात्र, एवढाच त्याचा संसार. पण तो कुठेही ठेवून चालत नाही. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच आणि अगदी समपातळीत असावा लागतो. त्याहून खाली असेल तर जमिनीवर आपटून उडालेले थेंब आत जातात; फार वर नेला तर वारा थेंब पळवतो. जवळची भिंत किंवा झाड आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावं, नाहीतर वाऱ्याच्या बाजूने येणारा पाऊस अडतो. मुलांना जागा निवडायला सांगितली की ती आधी शाळेचं छप्पर सुचवतात, मग आंब्याखालची सावली. दोन्ही का चालत नाही हे त्यांच्याच तोंडून निघेपर्यंत मी थांबते.

आठवीच्या वर्गात दरवर्षी एक शंका येते: भांडं मोठं घेतलं तर पाऊस जास्त नाही का भरणार? मग आम्ही सरळ कडांचे दोन डबे, एक रुंद आणि एक अरुंद, पावसात ठेवतो. रुंद डब्यात पाणी जास्त साठतं, पण पट्टी बुडवून पाहिली तर दोन्हींतली पाण्याची उंची सारखीच. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, ते इथे कळतं. जमिनीवर पडलेलं पाणी वाहून गेलं नसतं, मुरलं नसतं, उडालं नसतं, तर किती उंच उभं राहिलं असतं, ती ही उंची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठ्याचा हिशेब केला तर एका मिलिमीटरला साधारण १०१ लिटर होतात. एका एकरावर पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर लाखभर लिटर पाणी पडलं. हजार लिटरच्या शंभर टाक्या! शेतकऱ्याच्या पोराला हा हिशेब एकदा समजला की 'पंचवीस मिमी' हा आकडा तो पुन्हा कधी कोरडेपणाने वाचत नाही.

नोंद सकाळी साडेआठला घ्यायची. आदल्या सकाळी साडेआठपासून त्या सकाळपर्यंत पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. काल दुपारी वळीव झोडपून गेला आणि रात्र कोरडी गेली, तरी आकडा आजच्या तारखेसमोर येतो, हे मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतं. पण साडेआठ ही वेळ देशभर एकच आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार त्या क्षणी पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि हवामान केंद्रं ठरावीक तासांना जगभर एकाच वेळी नोंदी घेतात. सगळ्यांनी एकाच क्षणी, सारख्याच उपकरणाने मोजलं तरच आकडे शेजारी ठेवून बघता येतात.

सारख्या उपकरणांची गोष्ट निघाली की मी मुलींना अण्णा मणी यांच्याविषयी आवर्जून सांगते. केरळात १९१८ साली जन्मलेल्या या बाई १९४८ मध्ये पुण्याला भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. त्यांनी जवळपास शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे कुठल्याही कार्यशाळेत बनवलं तरी उपकरण तेच माप दाखवेल. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या मोजपात्रामागेही तोच विचार आहे. मोजपात्र त्याच्या नरसाळ्याच्या मापाचंच हवं. दुसऱ्या मापाचं वापरलं तर सगळी वही खोटी होते.

आता या वहीचे आकडे घेऊन घाट चढू या. वाई ते महाबळेश्वर हे सरळ रेषेतलं अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वाटेतल्या पाचगणीला तो अठराशेच्या आसपास उरतो आणि पसरणी घाट उतरून वाईत आलं की सातशे-आठशे. महाबळेश्वरची माणसं मे संपता संपता दुकानांच्या आणि घरांच्या भिंती गवताने, प्लास्टिकच्या कागदांनी झाकून घेतात. आमच्याकडे त्याच जुलैत पोरं उघडीप बघून क्रिकेट खेळतात.

याचं कारण पुस्तकात 'प्रतिरोध पर्जन्य' या दोन शब्दांत आटोपतं. मला त्यावर एक पूर्ण तास लागतो, कारण हवेच्या शास्त्राचं निम्मं मर्म त्यात आहे.

अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकण ओलांडून पोलादपूरच्या अंगाने सह्याद्रीला भिडतो. पुढे भिंत, मागून रेटा, त्यामुळे हवेला वर चढावंच लागतं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून वर गेलेली हवा पसरते. पसरण्यासाठी ती स्वतःचीच ऊर्जा खर्च करते आणि थंड होते. हवा वर गेल्यावर सूर्याच्या जवळ जाते, मग ती तापत का नाही, हा प्रश्न मुलं विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो. हवा मुख्यतः तापते ती जमिनीकडून, आणि दाब उतरला की ती निवते. ढग धरला नसेल तोवर दर शंभर मीटरला साधारण एक अंश. थंड हवेत वाफ कमी मावते. एका उंचीवर तिच्यातली वाफ जास्त होऊ लागते आणि त्या वाफेचं पाणी बनू लागतं. पण कशावर? निव्वळ शुद्ध हवेत थेंब सहजी धरत नाही. त्याला बसायला सूक्ष्म कण लागतो. लाटा फुटताना उडालेल्या मिठाचे कण, धूळ, धूर. या कणांवर वाफ जमून ढगातले थेंब तयार होतात. असा थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, इतका हलका की तरंगतच राहतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तेव्हा कुठे पावसाचा एक टपोरा थेंब होतो.

वाफेचं पाणी होताना आणखी एक गोष्ट घडते. पाण्याची वाफ करायला जी उष्णता लागली होती, ती आता परत मिळते. एका ग्रॅमला जवळपास सहाशे कॅलरी. समुद्राने दिलेली ही उष्णता ढगात मोकळी होते, म्हणून ढगातली हवा तितक्या वेगाने निवत नाही, आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी राहते आणि आणखी वर चढू शकते. मोठ्या वादळांना आणि चक्रीवादळांना ताकद मिळते ती इथूनच.

प्रतापगड आणि आंबेनळी घाटाच्या बाजूला हा सगळा खेळ होऊन पाणी उतरतं. माथा ओलांडल्यावर तीच हवा वाईच्या खोऱ्यात उतरू लागते. उतरताना दाब वाढतो, हवा दबते, तापते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच, वाई सातशेच्या थोडी वर. एवढ्या उतारावर हवा पाच-सहा अंशांनी तापू शकते. तापलेल्या हवेत वाफेला जागाच जागा, म्हणून ढग विरतात. जुलैच्या एखाद्या दुपारी वाईच्या घाटावर उभं राहून पश्चिमेला पाहावं. डोंगरमाथ्यावर ढगांची काळी कड बसलेली असते आणि तिच्यातून सुटलेले तुकडे आपल्याकडे येता येता डोळ्यांदेखत नाहीसे होतात. पर्जन्यछाया अशी उघड्या डोळ्यांनी दिसते.

आणखी पूर्वेला, याच सातारा जिल्ह्यात, दहिवडी-म्हसवडचा माण तालुका. तिथे वर्षाचा पाऊस पाचशेच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसाचा. तो समुद्राकडून रेटत आलेला नसतो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या ढगांचा आणि बंगालच्या उपसागराकडून सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा असतो. म्हणून माणचा शेतकरी हस्त नक्षत्राकडे डोळे लावून बसतो आणि ज्वारी त्याच्या भरवशावर पेरतो. पावसाची नक्षत्रं सूर्याच्या स्थितीवर मोजतात. त्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी धरलेलं ते वेळापत्रक आहे आणि मी ते वर्गात मानाने शिकवते. फक्त त्याच्या शेजारी मिलिमीटरचा रकाना हवा.

महाबळेश्वर-वाईतल्या त्या पंचवीस किलोमीटरांशी मी मुलांना मुंबईतले तेवढेच किलोमीटर ताडून बघायला लावते. २६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७४. उपनगरं पाण्याखाली, माणसं बसमध्ये, छपरांवर अडकलेली, आणि दक्षिण मुंबईत साधा पावसाळी दिवस. मग मी विचारते, महाबळेश्वर-वाईतला फरक आणि सांताक्रूझ-कुलाब्यातला फरक, दोन्ही एकाच जातीचे का?

थोडा वेळ जातो, पण उत्तर येतं. महाबळेश्वर आणि वाईतला फरक दरवर्षी असतो, कारण सह्याद्री दरवर्षी तिथेच असतो. सांताक्रूझ आणि कुलाब्याच्या वर्षाच्या सरासरीत एवढं अंतर कधीच नसतं. तो एका दिवसाचा, एका जागी अडून बसलेल्या ढगांचा फरक होता. पहिलं हवामान. दुसरी त्या दिवशीची हवा. हे एकदा पक्कं झालं की पुढचं बरंच काही सोपं होतं. थंडीची एक लाट आली म्हणून पृथ्वी तापत नाही असं म्हणता येत नाही, आणि एक उन्हाळा कडक गेला म्हणून तापतेच असंही सिद्ध होत नाही.

मग हवामान म्हणायला किती वर्षांच्या नोंदी हव्यात? जगभर तीस वर्षांची सरासरी धरतात. सध्याचा कालखंड १९९१ ते २०२० आहे. भारताच्या मॉन्सूनसाठी आपला हवामान विभाग आणखी लांब, १९७१ ते २०२० अशी पन्नास वर्षं घेतो. जून ते सप्टेंबरची देशाची ती सरासरी ८७ सेंटिमीटर येते. पाऊस तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांत बसला की तो सर्वसाधारण. आमच्या शाळेची वही अजून तीस वर्षांची झालेली नाही, म्हणून तिच्यावरून 'वाईचं हवामान असं आहे' असं विधान करायला मी मुलांना परवानगी देत नाही. 'या वर्षी जुलैत असं झालं' एवढंच लिहायचं.

मॉन्सूनच्या तारखांचंही तसंच आहे. केरळात १ जून, मुंबईत ११ जून या दीर्घ नोंदींवरून काढलेल्या सरासरी तारखा. २०२५ मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. त्यावर लोक विचारू लागले, आता पेरण्या मेमध्ये करायच्या का? एका वर्षाच्या आगमनावरून शेतीचं वेळापत्रक बदलायचं नसतं. शिवाय लवकर आलेला मॉन्सून पुढे खंड न घेता बरसेलच, असं काही नाही. जमिनीला वाफसा आला का आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज काय, हेच बघायला हवं.

नोंदवह्यांतून काय निघू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण गिल्बर्ट वॉकर यांचं. केंब्रिजचे हे गणितज्ञ १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. मागच्या दशकांत पाऊस दगा देऊन भयंकर दुष्काळ पडले होते. वॉकरांनी जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी गोळा करून त्यांचे परस्परसंबंध हाताने गणित करवून काढले. त्यातून दिसलं की पॅसिफिक महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलटही. आज बातम्यांत ऐकू येणाऱ्या एल निनोची ती दाबाची बाजू. एल निनोच्या वर्षी आपला पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. पण १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. एल निनो म्हटलं की लगेच दुष्काळ जाहीर करणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

सगळं काही पावसाभोवतीच फिरत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे आणखी एक सुंदर धडा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, आणि त्याच दिवशी वेधशाळेचं किमान तापमान मात्र शून्याच्या बरंच वर असतं. लोकांना वाटतं, यातलं एक काहीतरी खोटं आहे. दोन्ही खरं. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच टांगलेला असतो, म्हणजे त्याला ऊन लागत नाही पण वारा लागतो. ही पेटी स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या लेखकाचे ते वडील. पेटीतला पारा सांगतो हवेचं तापमान. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षा कितीतरी गार होतात. थंड हवा जड, ती उतारावरून ओघळून तलावाच्या सखल भागात साचते. तिथल्या स्ट्रॉबेरीच्या पानावर दव गोठतं, आणि टेकडीवरच्या पेटीत पारा दहाच्या वर असू शकतो. याच कारणाने कित्येक पहाटे खोऱ्यातली गावं उंचावरच्या महाबळेश्वरपेक्षा जास्त गारठतात.

मोजमापाशी माणसांचं पोट किती जोडलेलं आहे, हे मुलांना घरी आधीच कळलेलं असतं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईच्या हिशेबात तो आकडा येतो. राज्यात महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. पण आपला पाऊस डोंगरागणिक बदलतो. केंद्र एका कडेला आणि ढग दुसऱ्या कडेला, असं होतंच. अंदाजाचंही तसं. हवामान विभाग साताऱ्याच्या घाटमाथ्यासाठी इशारा देतो तेव्हा तो म्हसवडसाठी नसतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. आणि अंदाज संगणकावर निघतो तेव्हा सगळा देश चौकटींत विभागलेला असतो. आधी ही चौकट बारा किलोमीटरची होती, म्हणजे महाबळेश्वर ते वाई हा सगळा उतार दोन चौकटींत संपत होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, २०२५ मध्ये सुरू झालेली नवी प्रणाली सहा किलोमीटरची आहे. आमच्यासारख्या डोंगराळ तालुक्यांना हा फरक फार मोठा आहे.

आता त्या सूनबाईंचं म्हणणं. पाऊस खरंच एकदम कोसळू लागलाय का? एका शाळेच्या वहीवर याचं उत्तर देता येत नाही, पण देशभरच्या वह्या एकत्र केल्या तर देता येतं. याच पुण्याच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. याच काळात तिथला मॉन्सूनचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नव्हता. घाट चढताना जे भौतिकशास्त्र पाहिलं तेच इथेही कामी येतं: हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. उतरली की ती भरभरून उतरते, आणि मधले कोरडे खंडही बोचतात.

हवा का तापते आहे हेही कुणीतरी रोज मोजत बसल्यामुळेच समजलं. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर आहेत. या वायूशिवाय पृथ्वी गोठली असती हे खरं, पण कोळसा आणि तेल जाळून आपण त्याचा थर जाड करत चाललो आहोत, आणि जमिनीने आकाशाकडे सोडलेली उष्णता तो अडवून धरतो. मध्यंतरी पैशांअभावी कीलिंग यांच्या नोंदी काही काळ थांबण्याची वेळ आली होती. त्या कायमच्या बंद पडल्या असत्या, तर ही चढण इतकी स्पष्ट दिसलीच नसती.

आपल्या शाळेत किंवा घरच्या अंगणात ज्यांना वही सुरू करायची असेल त्यांना एक सूचना. पावसाळ्यातही बरेच दिवस कोरडे जातात आणि मुलांना त्या दिवशी लिहायचा कंटाळा येतो. तरी साडेआठला बाटली उघडून बघायची आणि ०.० लिहायचं. रकाना मोकळा ठेवायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे त्या दिवशी कुणी मोजलं नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो दिवस पावसाचा धरायचा. मोजणाऱ्याचं नाव शेवटच्या रकान्यात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाची पाळी आहे ते एप्रिलमध्येच ठरवून ठेवायचं, कारण वळीव शाळेला सुट्टी असतानाच येतो.